कडेचं फूल

उजवीकडून बाहेर गेलेलं पान डावीकडून आत येतं.

मनगटाचा पट्टा, घामाने काळा पडलेला.

लाल स्टिकरांची गुंडाळी.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, एक वाक्य.

ओलं बोट.

थोरलीने टॅबवर दोन बोटं टेकवली आणि आत्ताच काढलेली पाकळी नाहीशी केली. पुन्हा काढली. पुन्हा घालवली. सकाळपासून हेच चाललं होतं. पडद्याच्या कापडाची नक्षी होती. वेली, पानं, पाच पाकळ्यांची फुलं. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती आणि मनगट तर आता तिचं राहिलंच नव्हतं.

“झाडाची पानं निदान गळतात तरी,” नवरा चहाचा कप ठेवत म्हणाला. “तुझी आपली वाढतच चाललीत. झालं नाही अजून?”

“झालंय.”

“मग?”

“कडेचं एक फूल राहिलंय.”

नक्षी म्हणजे खरं तर एकच चौकोन. छापखान्यात तोच शेजारी शेजारी, खाली-वर छापत गेले की ताग्यांच्या ताग्यांवर वेल पसरते. सगळी कसरत कडेला. एका कडेला जे कापलं जातं, ते समोरच्या कडेला तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. सांधा दिसला की मेहनत पाण्यात. छापखान्याच्या मालकांचं एकच पालुपद असे, “बाई, नजर कुठे अडखळता कामा नये. पडदा आहे तो, पेपर नाही वाचत बसायला.” थोरलीच्या नक्षीत नजर कधी अडखळली नव्हती. चूक दिसली की तिचं बोट आपसूक तिथे जायचं. माणसांच्या बाबतीतही.

त्याच छापखान्यात तिची धाकटी बहीण कापड तपासायला होती. टेबलाच्या काचेखाली दिवे, काचेवरून सरकत जाणारं कापड, आणि जिथे खोट दिसेल तिथे धाकटीचं लाल स्टिकर. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे तिथे कुणाच्या गावी नव्हतं. लग्नानंतर आडनावं वेगळी झाली होती. आई गेल्यापासून बोलणंही उरलं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटीने एक गोळी चुकीच्या वेळी दिली होती. त्याने काही बिघडलं नाही, डॉक्टरही तसंच म्हणाले. पण थोरली व्हरांड्यात, झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणून गेली, “हिला जन्मात एक गोष्ट धड जमली नाही.” धाकटी तेव्हा काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. थोरलीने लावलेला फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

थोरलीने पाकळी पुन्हा काढली. सहावी. फूल बरोबर कडेवर होतं. तीन पाकळ्या उजव्या कडेला, तीन डाव्या. नुसता चौकोन पाहून कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, आणि मालक नुसता चौकोन पाहूनच हो म्हणत. छापल्यावर दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या की मग सहा दिसणार. त्या सगळ्यात आधी कुणाला दिसणार, हे थोरलीला माहीत होतं. कापडाच्या किनारीवर तिचं नाव बारीक अक्षरांत असतंच. खोट दाखवायला कापडाचा तुकडा येईल, त्यासोबत एक लाल स्टिकर परत येईल. त्यावर धाकटीच्या अक्षरात ‘फूल चुकलंय’ एवढं जरी असलं, तरी चाललं असतं.

तिने बोटं मागे घेतली आणि फाइल पाठवून दिली.

स्टिकर आलं नाही. ते काम संपलं, पुढचं सुरू झालं, त्यापुढचंही. मनगटाला नवा पट्टा आला. तिला दिसलं असेल आणि तिने सोडून दिलं असेल, थोरली स्वतःशी म्हणायची. किंवा दिसलंच नसेल. यातलं जास्त वाईट काय, हे ठरवण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

मग एका दुपारी मालकांचा फोन आला.

“बाई, घात झाला. सगळा माल छापून झाला आणि आता गिऱ्हाईक म्हणतंय, एक फूल सहा पाकळ्यांचं आहे. दर हातभर अंतरावर! मी म्हटलं, आमच्या बाईंकडून असं होणं शक्यच नाही.”

थोरलीने टॅबवर ती जुनी फाइल उघडली.

“आणि ही आमची तपासणारी. एरवी सुताची गाठसुद्धा सोडत नाही. तिला विचारलं, झोपली होतीस का गं? तर म्हणते, पहिल्या मीटरलाच दिसलं मला. फूल बरोबर आहे. वर तोंड करून सांगते! तुम्ही फक्त एवढं बोला, चूक आहे ना ही? म्हणजे तिला आजच घरी बसवतो.”

थोरलीचं बोट टॅबच्या काचेवर होतं. ते तिने उचललं.

“चूक नाही ती. मी मुद्दाम काढलंय. गिऱ्हाइकाला माझं नाव सांगा.”

“मुद्दाम? एकच फूल?” मालकांचा आवाज चढला. “तुम्ही दोघी मिळून मला वेड लावणार. इथेच उभी आहे ती, घ्या, तुम्हीच काय ते बोला तिच्याशी.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागली. कुणीतरी नाक ओढलं.

“फूल बरोबर आहे गं,” थोरली म्हणाली.

पलीकडे घरघर चालूच राहिली. फोन कुणी ठेवला नाही.

लहानपणी दोघींत मिळून एकच पाटी होती. धाकटी तिच्यावर सहा पाकळ्यांची फुलं काढायची, आणि थोरली दर वेळी बोट ओलं करून सहावी पाकळी पुसून टाकायची.