गोधडीवरचा खलबत्ता

दूधविनायकच्या गल्लीत नीरजाची आणि दुबेंची भिंत एकच. दुबेंच्या मुलाच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून वर्षभर तिने लोखंडी खलबत्त्याखाली गोधडी घालून दाण्याचं कूट केलं. आता तो बँकेत लागला म्हणून सकाळपासून स्पीकर दणाणत होता आणि उद्या तिच्या रुचीचा बारावीचा पेपर. शेवटी ती सांगायला गेली. दुबेबाई पेढा पुढे करत हसल्या, "दीदी, आपके यहाँ से कभी आवाज़ ही नहीं आती. हमें लगा, आपको कम सुनाई देता है!" नीरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने गोधडी भिरकावली, नुसत्या फरशीवर रिकामाच खलबत्ता ठोकायला घेतला. "आई, जोरात!" रुची म्हणाली. भिंत हादरली, स्पीकर थांबला. "दीदी, धीरे!" दुबेबाई किंचाळल्या. बत्ता न थांबवता नीरजा गरजली, "क्या? कम सुनाई देता है!"