लाल दोरी, पांढरी दोरी

"बाराच्या बारा कालवडींना लस लागू पडली? अहो, सहा जणींना तर मी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं!" रक्ताचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टर सबनीस गोठ्यात मटकन बसले, तेही शेणात.

गोठा सांभाळणाऱ्या शेवंताबाईच्या हातातली वैरण हातातच राहिली. लम्पी रोगावरची नवी डीएनए लस तपासायला गळ्यात लाल दोरी असलेल्या सहांना लस, पांढऱ्या दोरीच्या सहांना पाणी, असं डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं. जन्मभर गावाच्या पंगती वाढलेल्या बाईला एकाच दावणीतला हा पंक्तिप्रपंच बघवेना. दुसऱ्या डोसाआधी तिने गुपचूप दोऱ्यांचीच अदलाबदल केली होती.

तिने कबूल केलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. वर्षाची मेहनत वाया!

पुढच्या खेपेला नव्या बारा कालवडी आल्या, कानांत बिल्ले घालूनच. बाटल्याही बारा, सगळ्या सारख्या, वर नुसते बिल्ल्यांवरचे आकडे.

"यंदा पाणी कुणाला?" शेवंताबाईने डोळे वटारले.

"आईशप्पथ मावशी, मलाही माहीत नाही. बाटल्या भरणाऱ्याने मला सांगितलंच नाही."

तिचा चेहरा खुलला. "मग टोचा खुशाल. वाढणाऱ्यालाच ठाऊक नाही, तर पंक्तिप्रपंच कसला?"