टोपीची परीक्षा

प्रवाशाने कॉलर धरली तेव्हा तपासनीसाला आनंदच झाला.

सकाळपासून तो याच माणसाची वाट बघत होता. डेपोतल्या मुख्य तपासनीस बाईंनी निघतानाच बजावलं होतं, "आज कुठल्या तरी बसमध्ये आपलाच एक माणूस प्रवासी म्हणून चढेल. भांडेल, ओरडेल, अंगावर येईल. तुम्ही डोकं शांत ठेवलंत तर काम तुमचं. नाही तर पुन्हा छत्र्या."

छत्र्या म्हणजे डेपोतली हरवलेल्या सामानाची खोली. तिथे त्याची रवानगी झाली तीही एका प्रवाशामुळेच. तिकीट मागितलं म्हणून त्या पठ्ठ्याने याची टोपी खिडकीबाहेर भिरकावली. हा टोपी आणायला खाली उतरला आणि बस प्रवाशाला घेऊन निघून गेली. तेव्हापासून डेपोत याचं नावच 'टोपी' पडलं. घरी मुलगीसुद्धा तोंड दाबून हसायची. पण याला छत्र्यांमध्ये जन्म काढायचा नव्हता. चालत्या बसमध्ये तोल सांभाळत तिकिटं तपासण्यातच त्याचा जीव होता. फक्त कोणी आवाज चढवला की त्याचे पाय लटपटायचे.

आज पाय जागेवर होते. आपल्याच माणसाला कोण घाबरतं?

"मला तिकीट विचारतोस? मला?" तो आडदांड माणूस गरजला. कॉलरला असा हिसका बसला की टोपी घरंगळत सीटखाली गेली.

"आलात का!" तपासनीस हसून म्हणाला. "सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

माणूस गडबडला. "माझी? तू मला ओळखतोस?"

"आवाजावरूनच ओळखलं. काय आवाज आहे हो! पार ड्रायव्हरपर्यंत पोचला. कॉलर तेवढी सैल धरा, शिलाई कच्ची आहे."

आपल्या ओरडण्याला दाद मिळायची त्या माणसाची ही पहिलीच वेळ असावी. त्याने जवळ होतं नव्हतं ते बळ एकवटलं. "एक ठेवून देईन!"

"द्या की. पण आधी दोन घोट पाणी घ्या, घसा बसलाय तुमचा. दिवसभर ओरडायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

तपासनीसाने खांद्यावरच्या पिशवीतली बाटली पुढे केली. माणूस बाटलीकडे बघत राहिला. मग कॉलर सुटली. ती एव्हाना उसवलीच होती. तो धपकन सीटवर बसला आणि त्याने अख्खी बाटली रिकामी केली.

"सकाळी घरी ओरडलो, मग दुकानात ओरडलो," तो पुटपुटला. "पाणी कुणी विचारलं नाही." थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाला, "पाकीट घरी राहिलंय हो."

त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. काय कसलेला माणूस पाठवलाय, तपासनीसाच्या मनात आलं. पण परीक्षा ती परीक्षा.

"मग पुढच्या स्टॉपवर उतरावं लागेल दादा. नियमच आहे."

आता हा पुन्हा पेटणार म्हणून आजूबाजूची मंडळी सरसावून बसली. माणूस मुकाट्याने उठला. वाकून त्याने सीटखालची टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, दोन्ही हातांनी तपासनीसाच्या डोक्यावर नीट बसवली आणि उतरून गेला. ड्रायव्हर आरशात आ वासून बघत होता.

संध्याकाळी तपासनीस डेपोत बाईंच्या टेबलापाशी उभा राहिला तेव्हा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्याने एक लांब काळी छत्री पुढे ठेवली.

"बाई, तुमच्या माणसाची आहे. बसमध्ये विसरून गेले. आणि त्यांना सांगा, कॉलरचं काही वाटून घेऊ नका म्हणावं. फार मनापासून काम करतात."

बाईंनी उसवलेली कॉलर पाहिली. मग छत्री उचलून उलटसुलट करून पाहिली.

"ही मी कुणाला देऊ? असा माणूस ठेवलेलाच नाही आपण."

तपासनीसाने टेबलाचा कोपरा धरला. सकाळपासून शहाण्यासारखे वागलेले त्याचे पाय आता एकदम लटपटायला लागले. "म्हणजे... तो खराच भांडत होता?"

"बसा आधी." बाईंनी खुर्ची सरकवली आणि स्वतःचा पाण्याचा पेला त्याच्यापुढे केला. "मी नवीन होते तेव्हा आमच्या साहेबांनी मलाही हेच सांगितलं होतं. 'आज आपला माणूस चढेल.' तो कोण, ते काही सांगितलं नाही. शेवटी निवृत्त झाले त्या दिवशी कबूल केलं. तोवर जो जो माझ्या अंगावर आला, तो आपलाच माणूस समजून मी त्याला पाणी विचारत होते."