निकाल लगेच

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर दादा दोन तास उभा होता. शिवणकामाचं दुकान आज त्याने बंदच ठेवलं होतं. मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा धाकट्या बहिणीचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. तिकडे आई दवाखान्यात अंथरुणाला खिळलेली, आणि भेटायला येईल त्याला एकच विचारायची, "पोरीचं कुठवर आलं?"

फाटकावरच्या रखवालदाराने वेळ जावा म्हणून गप्पा काढल्या. "आता सगळं कॉम्प्युटरवर, फार सोय झाली बघा. तारीख आपली आपण निवडायची. शेवटचं बटण दाबलं की मार्क लगेच समोर. पूर्वीसारखा दोन-दोन महिने जीव टांगणीला लागत नाही."

थोड्या वेळाने बहीण बाहेर आली. तोंड धुऊन आली होती, तरी डोळे लालच होते.

"कसा गेला गं?"

"बरा गेला, दादा," ती खाली बघत म्हणाली. "निकाल दोन महिन्यांनी लागणार आहे."

रखवालदार काही बोलणार, तेवढ्यात दादाने त्याला नजरेनेच गप्प केलं. बहिणीची बॅग त्याने आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं रस्त्याला लागले.

"आईला मात्र आजच सांगू, तुझा नंबर लागला म्हणून," तो म्हणाला.



"आजच का?" तिने विचारलं.

"मघाशी डॉक्टरांचा फोन आला होता. दोन महिने नाहीत तिच्याकडे."