गाभ्याला काही होत नाही

"दीडने गुण," विभागप्रमुख खुर्चीत रेलून म्हणाले. आलेख बघायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

त्यांच्या हाताखालची संशोधिका समोर उभी होती. बस म्हणण्याची पद्धत त्या खोलीत नव्हती. आलेख होता एका नाजूक अणुकेंद्रकाचा. मधे घट्ट गाभा आणि लांबवर कसाबसा टिकून राहिलेला एक न्यूट्रॉन. शिशाच्या पत्र्यावर आदळलं की हे केंद्रक फुटतं. किती वेळा फुटतं ते प्रयोगवाल्यांनी मोजलं होतं; आलेखावरचे ठिपके ती मोजमापं. सरांच्या प्रारूपाची रेघ त्या ठिपक्यांच्या बरीच खालून जायची. नेहमीच जायची. मग सर उत्तराला दीडने गुणायचे, रेघ ठिपक्यांवर चढून बसायची आणि परिषदेत टाळ्या पडायच्या. दीड का, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. असल्या हातचलाखीवर माणूस विभागप्रमुख होतो, यातच सगळं आलं.

"गुणायला लागत नाही, सर," ती म्हणाली. "आपण गाभा दगडासारखा धरतो. टक्कर झाली की तोही हादरतो. ते हिशेबात घेतलं की रेघ आपोआप वर येते."

"गाभ्याला काही होत नाही. मी हे करत होतो तेव्हा तू पाटीवर रेघोट्या ओढत होतीस."

"तेव्हाही दीडनेच गुणत होता ना, सर?"

सर सरळ बसले. "हे असंच छापायला पाठवायचं असेल, तर माझं नाव काढ."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ऐकलं की भले भले शेपूट घालायचे आणि मुकाट्याने गुणून आणायचे. सरांच्या सहीशिवाय शिष्यवृत्ती वाढत नसे, आणि हिची याच महिन्यात संपत होती.

तिने टेबलावरचं पेन उचललं. लेखाच्या पहिल्या पानावर सरांचं नाव वर होतं, तिचं खाली. वरचं नाव तिने खोडलं. रेघ सरळ आली.

सरांनी चष्मा लावला. आलेख ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला. न गुणताच ठिपके रेघेवर अगदी बिनचूक बसले होते. एवढं कळण्याइतपत भौतिकशास्त्र त्यांच्यात अजून शिल्लक होतं.

"रागाच्या भरात माणूस बोलून जातो," ते दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले. "नाव शेवटी घाल. अगदी शेवटी घातलंस तरी चालेल."