निळी रिबीन

मोंतेविदेओतल्या शाळेच्या फाटकाशी युस्मारी थबकली. सगळी पोरं पांढऱ्या अंगरख्यात, गळ्याशी निळी रिबीन बांधून आलेली. लेकीचा, ऑरिआनाचा, गळा तेवढा रिकामा. ऑरिआना स्वमग्न होती. मानेला काही टेकलं की किंचाळायची. मायदेशी, माराकाइबोतल्या शाळांनी एकामागून एक सांगितलं होतं, "उद्यापासून आणू नका." म्हणून तर तिला घेऊन युस्मारीनं देश सोडला. "सवय लावतेय हो बाई," ती अजीजीनं म्हणाली. वर्गाच्या बाई ऑरिआनासमोर उकिडव्या बसल्या, "गळ्यात नको? मग कुठे बांधायची गं?" ऑरिआनानं आईच्या मुठीतली रिबीन ओढून आईच्याच केसांत गुंडाळली. युस्मारी ओशाळून ती सोडवू लागली. "राहू द्या," बाई म्हणाल्या, "उद्याही दोघी अशाच या." परतताना बसचा कंडक्टर गालात हसला, "काय ताई, कितवीत?" "पहिलीत," युस्मारी केसांतली रिबीन सारखी करत म्हणाली, "आजच शाळेत घेतलं."