शेततळ्यातली लढाई

झरीच्या प्रीतमने रिमोटवर चालणारी, छर्रे झाडणारी छोटी युद्धनौका बांधली आणि मित्राच्या नौकेशी लढवायला वडिलांचं शेततळं मागितलं. दिनकररावांनी तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या उरलेल्या तुकड्यावर आधी छर्रे मारून बघायला लावले. "उन्हाळाभर मोसंबीला एवढंच पाणी हाय. भोक पडलं की बाग गेली."

भोक पडलं नाही. लढाईत प्रीतमची नौका मात्र चाळणी होऊन बुडाली. त्याचा उतरलेला चेहरा बघून दिनकररावांनीच विहिरीतल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला आणि अंधार पडेपर्यंत तळ ढवळला.

"सापडंल रे. तळ्यातून जायलीय कुठं ती?"



तिसऱ्या दिवशी नौका सापडली. कोरड्या तळ्यात, गळाने फाटलेल्या प्लास्टिकवर, सरळ उभी होती.